मुलाखतीत ‘तुमची एक कमजोरी सांगा’ म्हटलं की काय सांगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीतल्या, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या मशिनिंग व्हेंडरकडे तुम्ही चार वर्षं क्वालिटीत काम केलंत आणि आता मोठ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखती देताय. पहिल्या ठिकाणी कमजोरी विचारल्यावर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ म्हणालात. समोरचे साहेब गालातल्या गालात हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. दुसऱ्या ठिकाणी मित्राचं ऐकून खरं सांगितलंत, ‘प्रेशरमध्ये मला राग येतो, ऑपरेटरशी वाद होतात, पण मी कंट्रोल करायचा प्रयत्न करतो’, आणि तिथूनही फोन आला नाही. तिसरी मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. तुम्ही विचारताय की खरं बोलायचं की खोटं? शिवाय इंग्रजी कच्चं आहे आणि मध्ये दीड वर्ष एमपीएससीच्या अभ्यासात गेलं, तेही सांगून टाकायचं का?

मी चाकण पट्ट्यातल्या ऑटो कंपोनंट कंपन्यांत क्वालिटीत काम करत आले आणि बरीच वर्षं भरतीच्या पॅनेलवर बसते. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं, तेवढं सांगू शकते. बँकेची, शाळेची किंवा आयटीची मुलाखत असेल तर यातलं काही लागू पडेल, काही नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. त्या दोन्ही नोकऱ्या या एका उत्तरामुळे गेल्या, असं धरून चालू नका. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, पगाराची अपेक्षा, आतलाच माणूस आधी ठरलेला असणं, ती जागाच गोठवली जाणं, अशा कारणांनी कितीतरी चांगली मुलं मागे राहतात आणि त्यांना कोणी कारण कळवत नाही. पुष्कळ मुलाखतींत हा प्रश्न फॉर्मवर छापलाय म्हणून विचारला जातो आणि विचारणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. पण ज्या जागी तो मन लावून विचारतात तिथे तो भारी पडतो, आणि क्वालिटी त्यातली एक जागा आहे.

आता खरं-खोट्याबद्दल. तुमचं पहिलं उत्तर खोटं होतं आणि दुसरं खरं, तरी मला दोन्हींत एकच उणीव दिसते. मुलाखतीच्या वेळी आमच्यासमोर एक फॉर्म असतो. विषयाचं ज्ञान, संवाद, टीमबरोबर काम, शिकण्याची तयारी असे रकाने, प्रत्येकासमोर एक ते पाच गुण आणि शेजारी शेरा लिहायला बोटभर जागा. ‘परफेक्शनिस्ट’ ऐकून त्या जागेत काय लिहायचं? काहीच नाही. ‘राग येतो’ ऐकून काय लिहायचं? ‘राग येतो’. संध्याकाळी उमेदवारांची तुलना होते तेव्हा तुम्ही खोलीत नसता, तो शेराच तुमच्या वतीने बोलतो. ‘अडचण उशिरा वर कळवायचा, आता ठरलेली पद्धत आहे, उदाहरण पटलं’ असा शेरा तिथे पडायला हवा. उत्तर तयार करताना हे डोळ्यांसमोर ठेवा: समोरच्याला एक ओळ लिहून घेता आली पाहिजे आणि ती तुमच्या बाजूने बोलली पाहिजे.

कोण विचारतंय यावरही बरंच अवलंबून असतं. एचआरच्या माणसाला साधारण एवढंच बघायचं असतं की प्रश्न आल्यावर तुम्ही बिथरता का, सरळ वाक्यात बोलता का. त्याला बोअर गेजची, म्हणजे छिद्राचं माप घेणाऱ्या उपकरणाची, गोष्ट सांगून उपयोग नाही. प्लँट हेड हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी, खुर्चीत मागे रेलून विचारतो. तेव्हा त्याचं निम्मं मत झालेलं असतं आणि ते पक्कं करायला तो काहीतरी शोधत असतो. सर्वांत बारकाईने ऐकतो तो क्वालिटी हेड. त्याच्या पोटात एकच भीती असते, लपवणाऱ्या माणसाची. मशीनचं माप चुकलं तर ते सापडतं, सुधारता येतं. पण ज्याने चुकून एक ट्रे ओके करून पुढे ढकलली आणि लक्षात आल्यावर गप्प बसला, त्याच्यामुळे ग्राहकाची लाइन थांबते, मग आपली माणसं त्यांच्या दारात उभी राहून एकेक पार्ट तपासत शंभर टक्के सॉर्टिंग करतात, आणि त्याचं बिलही आपल्याच नावावर येतं. म्हणून क्वालिटीच्या मुलाखतीत ‘तुमची कमजोरी काय’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो: तुमच्या हातून काही चुकलं तर आम्हाला तुमच्याकडून कळेल, की ग्राहकाकडून?

हे लक्षात घेतलं की ‘परफेक्शनिस्ट’ का आपटतं ते कळतं. ‘मी फार मेहनत करतो’, ‘मला नाही म्हणता येत नाही’, ‘कामात घरदार विसरतो’ ही सगळी एकाच घरातली भावंडं. गुणाला दोषाचं लेबल लावून पुढे केलं की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: एक, हा फुशारकी मारतोय, दोन, ती सरळ मारायची हिंमतही याच्यात नाही. ओव्हुल सेझर आणि सहकाऱ्यांनी अशा आडवळणाच्या फुशारकीवर २०१८ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांना असं दिसलं की सरळ बढाई मारणारा किंवा सरळ रडगाणं गाणारा माणूसही लोकांना यापेक्षा बरा वाटतो, कारण आडवळणाने बोलणारा खोटा वाटतो. आमच्या खोलीत हे रोज दिसतं. शिवाय या उत्तरात धोका आहे. एखाद्या खवचट पॅनेलवाल्याने विचारलं, ‘बरं, तुमच्या परफेक्शनमुळे कुठली डिस्पॅच अडकली ते सांगा’, तर? खरोखरच परफेक्शनिस्ट असलेला माणूस लगेच तीन सांगेल. बाकीचे सारवासारव करायला लागतात.

दुसऱ्या उत्तराकडे येते, कारण तुमचा खरा घोळ तिथे झालाय. खरं बोलल्याची शिक्षा मिळाली असं तुम्ही समजताय. मी ते उत्तर आपल्याच धंद्यातल्या एका कागदाशी ताडून बघते, म्हणजे तुम्हाला चटकन पटेल.

ग्राहकाची तक्रार आली की आपण एट-डी (8D), म्हणजे आठ रकान्यांचा तक्रार-निवारणाचा अहवाल, भरतो. फोर्डने १९८७ मध्ये पुस्तिका काढून रूढ केलेली ही पद्धत आता सगळ्या ऑटो क्षेत्रात मुरली आहे. दुसऱ्या रकान्यात समस्या नेमकी लिहायची: काय, कुठे, कधीपासून, किती. तिसऱ्यात तात्पुरता बंदोबस्त. चौथ्यात मूळ कारण. पाचव्या-सहाव्यात कायमचा उपाय, सातव्यात तो परत घडू नये म्हणून यंत्रणेत केलेला बदल. आता आठवा, व्हेंडरकडून येणाऱ्या टाकाऊ एट-डीमध्ये काय लिहिलेलं असतं? मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली. तुम्ही स्वतः असे कागद परत पाठवले असतील. का पाठवता? समज दिलेला ऑपरेटर उद्या रजेवर गेला, किंवा तिसऱ्या पाळीत पहाटे चार वाजता त्याचा डोळा लागला, की तीच चूक परत होणार. उपाय माणसाच्या लक्षावर टांगलेला आहे. म्हणून आपण पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, मागतो, पार्ट धरणाऱ्या फिक्श्चरला पिन बसवा म्हणतो, म्हणजे पार्ट उलटा बसणारच नाही.

‘मला राग येतो, पण मी कंट्रोल करायचा प्रयत्न करतो’ हे वाक्य आता परत वाचा. समस्या मोघम, म्हणजे कधी, कोणावर, किती वेळा, काही पत्ता नाही. मूळ कारण नाही. आणि उपाय म्हणजे स्वतःला दिलेली समज. क्वालिटी हेडने हे उत्तर ऐकलं आणि त्याला तुमचे एट-डी कसे असतील याचा अंदाज आला. त्यात रागाचा भाग तर वेगळाच. प्रॉडक्शनवाल्यांशी मतभेद हा क्वालिटी इंजिनिअरचा रोजचा धंदा आहे. महिनाअखेर, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी, लाइन लीडर म्हणतोय ‘मॅडम, पाच मायक्रॉनच तर आहेत, जाऊ द्या ना’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथे शांतपणे ‘नाही’ म्हणणं याच कामाचे पैसे मिळतात. त्या कामाच्या कण्यालाच लागलेली कीड तुम्ही स्वतःहून दाखवलीत. हेच उत्तर एखाद्या डिझाइनच्या जागेसाठी दिलं असतंत तर एवढं लागलं नसतं.

मग सांगायचं काय? माझा साधा निकष असा: कमजोरी खरी असावी, तिने कामाचं कधीतरी नुकसान केलेलं असावं, पण जागेच्या कण्याला हात घालणारी नसावी, आणि तुमचं मनोबल खचलेल्या दिवशीसुद्धा चालेल अशी काहीतरी व्यवस्था तुम्ही तिच्यासाठी लावलेली असावी. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. व्यवस्था नसेल तर ती कमजोरी अजून सांगायच्या लायकीची झालेली नाही. आधी व्यवस्था लावा, महिनाभर चालवा, मग सांगा.

अशी कमजोरी आरशासमोर बसून सापडत नाही. स्वभावाची विशेषणं आठवत बसलात की ‘हळवा’, ‘हट्टी’ असे शब्द हाती लागतात, त्यांचा काही उपयोग नाही. जुनी कामं काढून बघा. अप्रेझलमध्ये साहेबांनी दोन वर्षं तोच शेरा लिहिलाय का? कुठल्या कामासाठी तुम्हाला दरवेळी आठवण करून द्यावी लागते? तुम्ही पाठवलेल्या कुठल्या मेलवर नेहमी ‘म्हणजे नक्की काय?’ असं उत्तर येतं? ज्या लाइन लीडरशी तुमचं जमत नाही त्याला चहा पाजून विचारलंत तर तो पाच मिनिटांत खरं सांगेल, मित्र सांगणार नाहीत. आपल्या कामात हमखास सापडणाऱ्या गोष्टी म्हणजे अडचण उशिरा वर कळवणं, तपासणी स्वतःच करत बसणं आणि इन्स्पेक्टरला तयार न करणं, काम चोख पण नोंदी मागे पडणं, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये विचारलं त्यापेक्षा जास्त बोलणं. या खऱ्या आहेत, रोजच्या आहेत, आणि यातल्या प्रत्येकीला इलाज आहे.

तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं, तुमचं दुखणं पहिलं असावं. ‘प्रॉब्लेम आला की मीच मशीनवर जाऊन सोडवतो, मग उशीर होतो आणि चिडचिड होते’ असं तुम्हीच लिहिलंय. राग हा धूर आहे, आग उशिरा कळवण्यात आहे. एट-डीच्या भाषेत तुम्ही दुसऱ्या रकान्यातली गोष्ट चौथ्यात टाकलीत. मूळ कारणाची कमजोरी सांगितलीत तर तीही तितकीच खरी, आणि तिला उपाय आहे.

नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक उत्तर जवळून बघू. प्रसंग माझ्या डोक्यातला आहे, पण तुमच्या शॉपवर असं घडलं नसेल यावर माझा विश्वास नाही. सीएनसी मशीनवर २५ मिलिमीटरचा एच-सेव्हन बोअर, म्हणजे नेमक्या मापाचं छिद्र, चाललाय. टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जाईल तसा बोअर लहान होत जातो, हे तुम्हाला माहीतच आहे. माप घेणाऱ्या एअर गेजवर रीडिंग खालच्या हद्दीकडे सरकताना दिसतंय. उमेदवार पहिल्यांदा असं बोलतो:

‘सर, माझी कमजोरी अशी आहे की मी सगळे प्रॉब्लेम स्वतःच सोडवायला जातो. त्यामुळे कधीकधी उशीर होतो. पण आता मी टीमला सोबत घ्यायचा प्रयत्न करतो.’

ऐकायला वाईट नाही. पण हे परत ‘समज दिली’ आहे. पहिलं वाक्य तर परफेक्शनिस्टचं धाकटं भावंड. आता हाच माणूस तयारी करून येतो:

‘सर, मी अडचण वर कळवायला उशीर करायचो. एकदा बोअर खालच्या हद्दीकडे सरकताना दिसला. मला वाटलं टूलला ऑफसेट देऊन, म्हणजे जरा सरकवून, निभेल, म्हणून ऑपरेटरबरोबर मीच खटपट करत बसलो आणि शिफ्ट इनचार्जला पाळी संपताना सांगितलं. तोवर दोन बिन भरून पार्ट हद्दीबाहेर गेले होते. बोअर लहान होता म्हणून रीवर्क करता आला, मोठा झाला असता तर स्क्रॅपच होता. त्यानंतर मी रीडिंग नोंदवायच्या कंट्रोल चार्टवरच लिहून ठेवलं, सलग तीन रीडिंग खाली सरकली की पंधरा मिनिटांत इनचार्जला फोन. हे त्यांनाही सांगून ठेवलंय, त्यामुळे माझा फोन नाही आला तर तेच विचारतात. आताही पहिला विचार मीच करून टाकतो असाच येतो, पण फोन आधी जातो.’

बोलायला हे एक मिनिट, फार तर सव्वा. काय काय घडलं बघा. समस्या एका वाक्यात आली आणि तिला कुठलंही मखर नाही. नुकसान आकड्यात आलं, तेही स्वतःच्या तोंडून. रीवर्क आणि स्क्रॅपचा फरक बोलता बोलता आला, त्यामुळे विषय येतो हे न सांगता कळलं. उपाय कागदावर आहे, शिवाय दुसऱ्या माणसाला सांगितलेला आहे, म्हणजे हा विसरला तरी तो चालतो. आणि शेवटचं वाक्य मला सर्वांत आवडतं: ‘आताही पहिला विचार तसाच येतो.’ कमजोरी समूळ गेली असं जो सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. चार वर्षांची सवय एका चार्टने जात नाही.

या उत्तरावर पुढचे प्रश्न येणार, तेही आधीच मनात धरून ठेवा. ‘त्यानंतर परत असं झालं का?’ याला ‘नाही सर, कधीच नाही’ म्हणू नका. झालं असेल तर ‘हो, मार्चमध्ये नवीन पार्टवर झालं, तिथे चार्ट लावलेला नव्हता, मग लावला’ असं सांगा. खरं असेल तरच हं. ‘तुमच्या आधीच्या साहेबांना विचारलं तर ते काय सांगतील?’ हा प्रश्न पुष्कळांना पाडतो. आपला धंदा लहान आहे. भोसरी, चाकण, रांजणगाव इथले क्वालिटीवाले एकमेकांना ग्राहकांच्या व्हेंडर मीटमध्ये भेटत असतात आणि फोन खरोखर जातो. तेव्हा साहेब काय सांगतील याचा अंदाज घेऊनच कमजोरी निवडा. तुमचे ऑपरेटरशी वाद तिथे सगळ्यांना माहीत असतील तर ते साफ झाकू नका. कमजोरी म्हणून पुढे करू नका, पण ‘सहकाऱ्यांशी मतभेद झाले तर काय करता’ असा वेगळा प्रश्न आला की तिथे सरळ बोला, आणि पुढे काय बदललं तेही सांगा.

आणि ‘दुसरी कमजोरी?’ असंही विचारतील. दुसरी छोटी ठेवा, एका वाक्याची आणि अर्ध्या वाक्याच्या उपायाची. नोंदी मागे पडतात, म्हणून शिफ्ट संपायच्या आधीची वीस मिनिटं रजिस्टरसाठी राखून ठेवली आहेत, एवढं पुरे. तिसरी विचारली तर हसून ‘दोनच तयार करून आलो होतो सर’ म्हटलंत तरी चालतं. माझ्यासमोर कोणी म्हणालं तर मी तरी त्याचे गुण कापणार नाही.

आता इंग्रजी. हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना फार छळतो, म्हणून जरा थांबून सांगते. तुमचं इंग्रजी कच्चं आहे हे समोरच्याला पहिल्या दोन मिनिटांत कळलेलं असतं. कळलेलीच गोष्ट दहाव्या मिनिटाला कबुली म्हणून दिलीत तर तुमची संधी वाया जाते, कारण त्या प्रश्नावर त्यांना तुमच्याबद्दल काही नवीन कळायला हवं होतं. माझा सल्ला, इंग्रजी ही मुख्य कमजोरी म्हणून सांगू नका. त्यांनी स्वतः विचारलं तर बोला, पण तेही व्यवस्थेसकट. ग्राहकाला पाठवायच्या मेलचे चार-पाच नमुने तयार ठेवलेत, परदेशी ग्राहकाबरोबरच्या कॉलआधी मुद्दे लिहून काढता, ड्रॉइंग आणि कंट्रोल प्लॅन इंग्रजीतून वाचताना अडचण नाही. यातलं जे खरं असेल ते सांगा. मुलाखतीत मात्र उसनं अवसान आणून लांबलचक इंग्रजी वाक्यं बोलू नका. छोटी वाक्यं, बरोबर तांत्रिक शब्द, आणि अडलं तर ‘मराठीत किंवा हिंदीत सांगू का?’ असं सरळ विचारा. आमच्या पट्ट्यात बहुतेक पॅनेल ‘हो’ म्हणतात. नाही म्हणाले तर त्या जागेला इंग्रजी खरंच लागतं, आणि ते तिथेच कळलेलं बरं.

एमपीएससीची दीड वर्षं ही कमजोरी नव्हे. तो बायोडेटातला एक काळ आहे. त्याबद्दल वेगळं विचारतील, तेव्हा दोन वाक्यांत सांगा: प्रयत्न केला, झालं नाही, परत क्षेत्रात आलो आणि त्यानंतर सलग काम करतोय. त्याला अपराधी सूर लावू नका. पॅनेलवरच्या निम्म्या लोकांच्या घरात कोणीतरी ती परीक्षा दिलेली असते.

काही गोष्टी या प्रश्नाला कधीच सांगायच्या नाहीत. आजारपण, घरची आर्थिक ओढाताण, आईवडिलांची जबाबदारी. या अडचणी आहेत, कमजोरी नव्हेत, आणि एकदा खोलीत आल्या की त्यांचा भलताच अर्थ लावला जातो. मुलींना यात जास्त ओढलं जातं. काही मुली स्वतःहून ‘लग्नानंतर कदाचित...’ असं सुरू करतात. बायांनो, नका करू. तुम्हाला कोणी विचारलेलं नाही, आणि विचारलं तरी तो तुमच्या कामाचा दोष नाही. आधीच्या साहेबांची उणीदुणीही इथे काढायची नाहीत. ‘माझी कमजोरी अशी की मी चुकीच्या माणसाच्या हाताखाली काम केलं’ असं ऐकल्यावर मी फॉर्म मिटते.

फ्रेशर मुलांना कामाचा प्रसंग नसतो, पण प्रोजेक्ट असतो, अप्रेंटिसशिप असते, गणेश मंडळाचा हिशेब असतो. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये रिपोर्टचं काम शेवटच्या रात्रीवर ढकललं आणि त्यानंतरच्या सेमिस्टरला काय केलं, हे चाललं. त्यांच्याकडून मोठ्या नुकसानीची अपेक्षा नसते.

सरकारी आणि लष्करी मुलाखतींचा रंग वेगळा आहे, तिथे माझं ज्ञान उसनं आहे, म्हणून थोडक्यात. यूपीएससीच्या मुलाखतीला २७५ गुण असतात आणि तिथे स्वतःबद्दलचे प्रश्न तुम्हीच भरलेल्या अर्जातून निघतात, त्यामुळे अर्जातल्या माहितीशी विसंगत कमजोरी लगेच उघडी पडते. एसएसबीत, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या निवड मंडळात, तर मानसशास्त्रीय चाचण्यांच्या दिवशीच स्वतःचं वर्णन लिहून घेतात: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्ही स्वतः काय म्हणता. तुमच्या चित्रांवरच्या गोष्टी आणि शब्दांवरची वाक्यं त्याच मानसशास्त्रज्ञाकडे असतात. तिथे घोकून आणलेलं वर्णन बाकीच्या कागदांशी जुळत नाही. आपल्या खासगी मुलाखतीत एवढी चाळणी नसते, पण तयारीचं सूत्र तेच: जे बाकीच्या बोलण्याशी जुळेल तेच सांगा.

तयारी कशी करायची? उत्तर लिहून पाठ करू नका, पोपटपंची लगेच कळते. तीन शब्द लिहा: काय चुकायचं, काय बिघडलं, आता काय लावलंय. त्यांवरून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, रोज वेगळ्या वाक्यांत. दीड मिनिटाच्या वर गेलं तर प्रसंगातला तपशील कापा, उपायातला कापू नका. बहुतेक जण उलटं करतात, प्रसंग रंगवून सांगतात आणि उपाय घाईत उरकतात. प्रश्न आल्यावर दोन-तीन सेकंद थांबलात तरी चालतं. धाडकन उत्तर आलं की तयार करून आणलेलं वाटतं.

तुमच्या पुरतं सांगायचं तर या आठवड्यात मागच्या वर्षातले तुम्ही हाताळलेले रिजेक्शन आणि एट-डी आठवून बसा. ज्यात वेळेवर वर कळवलं असतं तर नुकसान कमी झालं असतं असे दोन-तीन नक्की सापडतील, त्यातला एक निवडा. तुमच्याकडे त्यावर लावलेली व्यवस्था अजून नसेल तर उद्याच्या शिफ्टपासून लावा आणि मुलाखतीत ‘गेल्या आठवड्यात सुरू केलं’ असंच सांगा, ‘गेली दोन वर्षं’ म्हणू नका. आठवड्याचं खरं उत्तर दोन वर्षांच्या बनावट उत्तरापेक्षा पुढच्या प्रश्नांना जास्त टिकतं. आणि एक काळजी घ्या: प्रसंग सांगताना ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, पीपीएमचा (दहा लाखांत किती पार्ट खराब) आकडा तोंडातून जाऊ देऊ नका, कंपनीचे कागद किंवा मोबाइलमधले फोटो दाखवायला तर मुळीच काढू नका. ‘एका ग्राहकाचा बेअरिंग बसणारा पार्ट’ एवढं पुरतं. जो आज आधीच्या कंपनीचा डेटा आमच्या टेबलावर ठेवतो तो उद्या आमचाही ठेवील, असा हिशेब पॅनेल मनात करतं, आणि मग कमजोरीच्या रकान्यात तुम्ही न सांगितलेलंच काहीतरी लिहिलं जातं.